पिशाच्चांचे कबड्डी मास्तर

हिलाल सर मेले की शिट्टी वाजवायचे. खेळात मेले की, हे आधीच सांगून टाकते. मोबाइलवरच्या एका खेळात ते रक्त पिणारं पिशाच्च होते, आम्ही आणखी तिघं त्यांच्या संघातली पिशाच्चं होतो, आणि आमच्यापैकी कोणीही पडलं की सर गळ्यातली शिट्टी अशी फुंकायचे की फोन हातभर लांब धरावा लागे. शिट्टी झाल्याशिवाय गडी बाद कसा होईल, असं त्यांचं म्हणणं. खेळात पंच नव्हता, म्हणून ते काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं, आणि स्वतः बाद झाले तरी इमानदारीने वाजवत.

सर सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत खेळाचे शिक्षक होते. मी तिथेच मराठी शिकवते. मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन इथे आले आणि सगळ्यांची सुनंदाबेन झाले. सर खान्देशातले, अमळनेरकडच्या एका खेड्यातले. उंच, खांद्यात भरलेले, पोटात त्याहून जास्त भरलेले, पांढरी पँट, पांढरे बूट. मैदानावर नव्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता सर खचणार. सरांनी मधल्या व्हरांड्यात खडूने रेघा मारल्या आणि तिथेच कबड्डी सुरू केली. दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे त्यांच्या मते पोरांची पकड सुधारली. मला तरी फक्त पोरांची कोपरं सोललेली दिसत.

हा माणूस मोबाइलवर खेळेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. फोनवर बोलतानासुद्धा ते उभे राहून, पाय फाकवून बोलत. संदेश लिहिणं त्यांना जमत नसे. कोणी लिहिला तर उत्तर द्यायला ते फोन करत. आणि एका सकाळी ते स्टाफरूममध्ये आले, माझ्या समोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "सुनंदाबेन, मला पिशाच्च व्हायचंय."

मी वह्या तपासत होते. म्हटलं, "आत्ता, की मधल्या सुट्टीत?"

पण ते गंमत करत नव्हते. सरांच्या तरुणपणी सुरतेच्या नवागाम भागात खान्देशातून आलेल्या पोरांचा एक कबड्डी संघ होता. बाकी सगळे लूमवर कामाला, हिलाल सर तेवढे शिकत होते. चढाई सरांची, पकड यशवंतची. सरांच्या सांगण्यानुसार यशवंतने घोटा धरला की तो माणूस फक्त देवाचं नाव घेऊन सुटायचा. पुढे संघ पांगला. कोपरा सांभाळणाऱ्या शांतारामने सुरतेबाहेर कामरेजला ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप टाकलं. यशवंत कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्यात मास्तर झाला, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. आणि मग यशवंतला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालावं लागे, आणि जीभ जड झाली.

डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, बोलाल तितकी जीभ सुटेल. यशवंतने बोलणंच सोडलं. माणसांसमोर येणंही सोडलं. सर भेटायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने आतून कडी लावून घेतली. त्याची मुलगी छाया सरांना जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "काका, बाबा दिवसभर मोबाइलवर तो रक्त पिणाऱ्यांचा खेळ खेळतात. चौघांनी मिळून खेळायचा असतो. हे एकटेच जातात, मरतात, पुन्हा जातात."

"म्हणून," सर मला म्हणाले, "आपण जायचं त्याच्याकडे. शांताराम तयार आहे. चौथा पाहिजे. तुमचा फोन चांगला आहे."

माझ्या मुलाने त्याचा जुना फोन मला दिला होता आणि अख्ख्या स्टाफरूममध्ये तो एकटाच न अडकता चालायचा. एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली. मी बरेच आढेवेढे घेतले. सर म्हणाले, "बेन, त्याला माणसात आणायचंय. त्याने मला दार उघडावं आणि दोन शब्द बोलावेत, बस. त्यासाठी थोडे दिवस भूत झालो तर काय बिघडलं?" मी वह्या बाजूला सारल्या आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला.

खेळ असा होता. एक जुनं, अंधारं शहर. त्यात पिशाच्चांचे तीन संघ. रस्त्याने जाणाऱ्या साध्या माणसांना कोपऱ्यात गाठून रक्त प्यायचं, त्याने ताकद वाढते. पण चारचौघांत पिताना दिसलात तर शिकारी मागे लागतात. बाकीच्या संघांशी लढायचं आणि उजाडायच्या आत आपल्या तळघरात परतायचं. आपलं पिशाच्च आपण घडवायचं, महिनोन्‌महिने वाढवायचं, नव्या विद्या शिकवायच्या. आणि संघातलं कोणी पडलं तर जोडीदाराने जवळ जाऊन आपलं रक्त द्यायचं, की ते उठतं.

हा शेवटचा नियम ऐकून सरांनी मांडीवर थाप मारली. "अरे, ही तर कबड्डीच! बाद झालेला गडी पुन्हा आत!" झालं. त्या क्षणापासून तो खेळ त्यांच्या दृष्टीने कबड्डी होता आणि त्यात जे कबड्डीसारखं नव्हतं ती बनवणाऱ्यांची चूक होती.

पिशाच्चाला नाव द्यायचं होतं. सरांनी आपल्या जुन्या मंडळाचं नाव दिलं, जय बजरंग. तिकडे परदेशी पोरांनी भयंकर, रक्तबंबाळ नावं ठेवली होती आणि त्यांच्यामधून लाल डोळ्यांचा, काळ्या झग्यातला जय बजरंग छाती काढून चालायचा. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी सुनंदाच राहिले. माझं काम पडलेल्यांना उठवायचं. घरीही साधारण तेच करत असल्याने मला जड गेलं नाही.

यशवंतचं पिशाच्च भिंती चढणारं होतं आणि तो फार सुंदर खेळायचा, तोही डाव्या हाताने. पहिल्या दिवशी छायाने त्याच्या फोनवर आमचं बोलावणं आलेलं पाहून स्वतःच होकाराचं बटण दाबून टाकलं होतं. जय बजरंग हे नाव पाहून तो ओळखणारच होता. बराच वेळ त्याचं पिशाच्च दूर एका कौलावर बसून राहिलं. मग खाली उतरलं आणि सरांच्या शेजारी येऊन उभं राहिलं. त्याचा माइक बंद होता, आणि तो पुढेही बंदच राहिला. हो म्हणायचं असलं की तो जागच्या जागी उडी मारायचा. नाही म्हणायचं असलं की पाठ फिरवायचा. बाकी सगळं बोलणं सर दोघांच्या वाट्याचं बोलायचे.

आम्ही सकाळच्या शाळेनंतर, जेवणं उरकून दुपारी खेळायचो, आणि रोज हरायचो. हरण्याचं कारण शोधायला फार दिवस लागले नाहीत. कबड्डीच्या गड्यांना एकमेकांचे हात धरून साखळी करायची सवय. हे तिघं खेळातही खांद्याला खांदा लावून चालायचे आणि समोरच्या संघाने एक आगीचा गोळा टाकला की तिघंही एकदम बाद. मी मागे राहिलेली असल्याने मला तिघांना उठवत फिरावं लागे.

दुसरं कारण स्वतः सर. ते एकटे चढाईला जायचे. जाताना फोनवर त्यांची पुटपुट ऐकू यायची, 'कबड्डी कबड्डी कबड्डी'. छान आत घुसायचे, दोघातिघांना लोळवायचे, आणि आता जिंकणार असं वाटत असतानाच अचानक मागे फिरून पळत सुटायचे. दर वेळी तसंच. मला कळेना. शेवटी एकदा शाळेतच ते माझ्यासमोर खेळत असताना मी पाहिलं, चेहरा लाल, गाल फुगलेले, मानेच्या शिरा तट्ट. दम संपला की ते परत येत होते!

मी म्हटलं, "अहो सर, तुम्ही पिशाच्च आहात. तुम्ही मेलेले आहात. मेलेल्याला दम लागत नाही."

सरांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "बेन, दम सुटल्यावर पुढे जाणं म्हणजे चिटिंग." आणि शेवटपर्यंत तसेच खेळले. जगात दुसरीकडे कुठे श्वास रोखून खेळणारं पिशाच्च असेल असं मला वाटत नाही.

याहून कहर शनिवारी व्हायचा. शनिवारी सरांचा मारुतीचा उपवास. त्या दिवशी जय बजरंग रक्त पीत नसे. शांताराम कामरेजहून ओरडायचा, "अरे हिलाल, तुन्हं पिशाच्च उपाशी शे रे! एका फटक्यात मरशील!"

"नावात बजरंग आहे. शनिवारी कसं पिणार?"

"मग उंदीर खा. खेळात उंदराचं चालतं."

"उंदीर काय भाजी आहे का?" सर म्हणायचे.

श्रावणात तर महिनाभर बंद. भुकेने जय बजरंगचे गाल आत गेले, चालताना तो झोकांड्या खाऊ लागला. मात्र पडलेल्याला उठवायला आपलं उरलंसुरलं रक्त द्यायला ते कधी मागेपुढे बघत नसत. देण्याच्या आड उपवास येत नाही, हे त्यांचं शास्त्र. त्या श्रावणातच मी पाहिलं, यशवंत रोज आमच्या आधी येऊन पोटभर पिऊन ठेवायचा, मग सरांजवळ येऊन आपल्यातलं निम्मं त्यांना द्यायचा. सर ते घ्यायचे. दुसऱ्याने दिलेलं चालतं, तो प्रसाद. यशवंतला हे सर्व न बोलता समजत होतं. मी स्वतः असल्या खेळांना थिल्लर म्हणणारी बाई. पण रोज दुपारी भांडी तशीच टाकून फोन घेऊन बसायला लागले होते.

एकदा आम्ही शाळेच्या कामासाठी बसने निघालो होतो. खेळाची वेळ झाली तशी सरांनी बसमध्येच सुरू केलं. गर्दी होती, आणि सरांचा आवाज म्हणजे मैदानाचा आवाज. "येशा, आधी त्या म्हातारीचं रगत पी! शिकारी बघतोय, तिला गल्लीत ने! बेन, तुम्ही मेलेल्यांकडे बघा, मी जिवंतांकडे बघतो!" आमच्या शेजारची सीट रिकामी झाली. मग समोरची. एका गुजराती काकांनी जपून विचारलं, "बेन, साहेबनी तबियत तो सारी छे ने?" तब्येत बरी आहे, एवढंच सांगून मी खिडकीबाहेर बघत राहिले. सर मात्र खूश; म्हणाले, "बघा, सुरतेत माणुसकी आहे, लगेच जागा दिली."

सगळं असं हसतखेळत चाललं होतं आणि मध्येच शांतारामने घोळ केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. एका दुपारी आम्ही चक्क जिंकलो, यशवंतच्या जोरावर, आणि आनंदाच्या भरात तो म्हणाला, "येशा, बोल ना रे भो. एक शब्द बोल. किती दिवस मुका बसशील?"

यशवंतच्या पिशाच्चाने पाठ फिरवली. मग ते नाहीसं झालं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्यानंतरही नाही. सर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. शांतारामला ते एवढंच म्हणाले, "ज्याचा पाय मोडलाय त्याला पळ म्हणतोस का?" आणि फोन ठेवला. पण मग स्वतःच रोज दुपारी त्या खेळात जाऊन बसायचे. लढायचे नाहीत. तळघराच्या दाराशी जय बजरंगला उभं करायचे आणि माइकवर बोलत राहायचे. आज व्हरांड्यात कोण जिंकलं, कोणाचा दात पडला, मुख्याध्यापकांनी कशी शिट्टी जप्त करायची धमकी दिली. मधूनच म्हणायचे, "मी शे ना आठे." मी आहे इथे. ऐकायला कोणी नाही हे त्यांनाही माहीत होतं. मी एकदा म्हटलं, सर, कशाला घसा कोरडा करता? ते म्हणाले, "तो आला आणि मी नसलो तर?"

बऱ्याच दिवसांनी यशवंत आला. शेजारी उभा राहिला. सरांनी ना विचारपूस केली ना तक्रार. "तर तो दात पडलेला पोरगा," म्हणून गोष्ट होती तिथून पुढे चालू केली.

त्यानंतर आमच्यापैकी कोणी त्याला बोल म्हटलं नाही. वर्ष उलटलं, सरांची निवृत्ती आली. शाळेत निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि मंगलाताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, जाहीर केलं की आता सुरत पुरे, गावी जायचं. तिथे घर आहे, लिंबाची झाडं आहेत. नव्हती ती फक्त रेंज. फोन करायचा तर पाटाच्या पुलावर जाऊन उभं राहावं लागे. खेळ कसला लागतो तिथे!

सरांनी ते यशवंतला खेळातच सांगितलं. आम्ही चौघं तळघरात होतो. "येशा, शाळा संपली माझी. येत्या आठवड्यात गावी चाललो. घरात रेंज नाही. हे दोघं आहेत, यांच्याबरोबर खेळत जा. शांतारामला साखळी करू देऊ नको." आवाज नेहमीचाच, मोठा. शांताराम मध्येच म्हणाला, "येशा, हिलालला जाण्याआधी एकदा..." आणि सरांनी शिट्टी मारून त्याला तिथेच थांबवलं. भेट, ये, दार उघड, यातलं काहीही ते बोलले नाहीत. मी फोन धरून बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, एकदा म्हणा ना सर, एकदा तरी म्हणा. यशवंतने उडी मारली नाही, पाठही फिरवली नाही. नुसता उभा राहिला आणि मग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी छायाचा सरांना फोन आला. बाबांनी खुणेने इस्त्रीचा शर्ट मागितलाय, म्हणाली. रविवारी सगळ्यांनी या.

कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यावरच त्यांचं घर. जिना चढतानाच पायाखाली थरथर जाणवते. दार उघडंच होतं. आत खुर्चीवर एक बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस ताठ बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला. वर्षभर मी ज्याला भिंती चढताना पाहत होते तो हा. सरांनी वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. बसमध्ये आम्हाला ऐकवलंही होतं. दारात पोचल्यावर ते फक्त म्हणाले, "कसा शेस?" यशवंतने डावा हात जरा वर केला. चहा झाला. कपबशा खाली ठेवल्यावर यशवंतने शेजारचा फोन उचलून मांडीवर घेतला. मग आम्हीही आपापले काढले.

आणि एकाच खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून आम्ही खेळायला बसलो. सरांना सूर सापडला. "येशा, डावीकडे! अरे डावीकडे! वरून ये, तो बघ, तो बघ, बेन उठवा त्याला, येशा चढ, चढ, नको, उतर..." खोलीत तो आवाज खालच्या लूमवरही मात करत होता. फोनवर आवाज कमी तरी करता येतो. यशवंतचं तोंड वाकडंतिकडं व्हायला लागलं. मला वाटलं त्याला काही होतंय. छायाही धावत आली.

"हिल्या," तो म्हणाला. जाड, ओढलेला आवाज. "उगा... उगा ऱ्हाय ना!"

गप्प बैस. इतक्या काळानंतर तो माणसांसमोर बोलला, ते हे. छाया दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली आणि हसायलाही लागली. शांतारामने उगाचच चष्मा पुसला. सर गप्प झाले. त्यांचा फोन मांडीवर तसाच पडून राहिला, तिकडे परक्या संघाने येऊन जय बजरंगला आडवा केला, आणि शिट्टी वाजली नाही. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मला संध्याकाळी घरी पाहुणे होते, म्हणून मी आधी निघाले. शांताराम गॅलरीत फीत घेऊन मापं काढत होता. यशवंतला धरून उभं राहता यावं असा कठडा तो बनवून देणार होता. मी खाली उतरून गल्लीत आले आणि बस स्टँडकडे म्हणून चालायला लागले.

"बेन!" वरून हाक आली. वळून पाहिलं तर यशवंत गॅलरीत येऊन उभा होता, गजाला धरून, अख्ख्या गल्लीला दिसेल असा. मी चुकीच्या बाजूला चालले होते आणि त्याला ते सांगायचं होतं. "स्टँड..." तो म्हणाला आणि अडकला. पुढचा शब्द जिभेवर येईना. चहाच्या टपरीवरची माणसं वर बघायला लागली. मी उन्हात डोळ्यांवर हात धरून थांबले.

सर त्याच्या शेजारीच उभे होते. स्टँड कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, दोन्ही हात मागे बांधले होते, आणि ते माझ्याकडे न बघता यशवंतच्या तोंडाकडे बघत होते. यशवंतने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. सर हलले नाहीत.

"स्टँड... इकडे," यशवंत म्हणाला.

मी मागे फिरले आणि तो सांगत होता त्या दिशेने चालू लागले.